बोलता येत नसेल तेव्हा मदत कशी मागावी? एसएमएस आणि ॲपद्वारे आपत्कालीन सेवांशी संपर्क: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संकटकाळी ११२ वर फोन करावा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. फोन लावूनही बोलता येणार नाही अशी वेळ आली तर काय करावे, याचा विचार मात्र फारच थोड्या घरांत झालेला असतो. माझ्या स्वतःच्या घरी ऐकू न येणाऱ्या एक काकू राहतात आणि त्यांच्यासाठी ही माहिती जमवताना जे प्रश्न मला पडले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारले, ते येथे उत्तरांसह मांडले आहेत.

बोलणे शक्य असताना एसएमएस पाठवला तर चालेल का?

बोलणे शक्य असेल तर फोनच करावा. फोनवरचा कर्मचारी दोन-तीन प्रश्नांत नेमकी जागा काढून घेतो, पार्श्वभूमीचे आवाज ऐकतो, आणि गाडी निघेपर्यंत काय करावे हेही सांगू शकतो. लिखित मजकुरात प्रत्येक प्रश्नाला एक फेरी लागते आणि प्रत्येक फेरीत मिनिटे जातात. अमेरिकेत ९११ या क्रमांकावर मजकूर पाठवण्याची सोय प्रथम २००९ मध्ये आयोवा राज्यातील एका परगण्यात सुरू झाली. तेथेही आजतागायत लोकांना हेच सांगितले जाते की बोलता येत असेल तर बोला, येत नसेल तर लिहा.

मग ही सोय नेमकी कोणासाठी?

सर्वप्रथम ज्यांना ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही त्यांच्यासाठी. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या देशभरात ५० लाखांहून अधिक आणि वाचादोष असलेल्यांची सुमारे २० लाख नोंदली गेली होती. त्यांच्या दृष्टीने फोनवरचा आपत्कालीन क्रमांक म्हणजे बंद दरवाजाच असतो.

त्याखेरीज, घरात चोर शिरला असून तुम्ही पलंगामागे लपला आहात. घरातील माणूसच हात उगारतो आहे आणि तुमचा आवाज त्याच्या कानी जाता कामा नये. दम्याच्या झटक्याने किंवा पक्षाघाताने जीभ साथ देत नाही. अथवा रेंज इतकी क्षीण आहे की फोन लागतो आणि तुटतो. अशा चारही प्रसंगी धडधाकट माणसालाही लिहिण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

११२ वर एसएमएस पाठवता येतो का?

आपल्याकडे पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांसाठी वेगवेगळे क्रमांक होते. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, देशभरासाठी ११२ हा एकच क्रमांक असावा अशी शिफारस केली. पुढे निर्भया निधीतून आपत्कालीन प्रतिसाद सहाय्य यंत्रणा उभी राहिली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून तिची सुरुवात झाली. या यंत्रणेची आखणी करतानाच फोन, एसएमएस, ईमेल, मोबाइल ॲप आणि पॅनिक बटण अशा अनेक वाटांनी येणारी हाक स्वीकारता यावी, हा हेतू ठेवलेला आहे.

तरीही एकट्या एसएमएसवर भिस्त ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एसएमएस हा मुळातच ‘साठवा आणि पुढे पाठवा’ या पद्धतीने चालतो. तुमच्या फोनमधून निघालेला मजकूर आधी मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात थांबतो आणि तेथून पुढे जातो. तो बहुधा काही सेकंदांत पोहोचतो, पण किती वेळात पोहोचेल याची हमी कोणीच देत नाही. म्हणून ११२ वर एसएमएस, त्याच वेळी ११२ इंडिया ॲपमधील बटण, आणि ऐकू-बोलू शकणाऱ्या एका विश्वासू माणसाला तोच मजकूर, असे तिन्ही मार्ग एकदम वापरावेत. तिघांपैकी एक जरी फळला तरी काम झाले.

मी नागपुरातच आहे, मग मजकुरात ‘नागपूर’ लिहिण्याची काय गरज?

हा प्रश्न जितका साधा वाटतो तितका तो नाही, आणि बहुतेकांची चूक नेमकी येथेच होते. महाराष्ट्रातील ११२ चे मुख्य संपर्क केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरे केंद्र नागपुरात. राज्यातून कोठूनही आलेली हाक आधी या केंद्रांपैकी एकात घेतली जाते, तिची नोंद होते, मग ती संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तेथून जवळच्या गाडीला पाठवले जाते. तुमचा मजकूर वाचणारी पहिली व्यक्ती नवी मुंबईत बसलेली असू शकते आणि तिने आयुष्यात नागपूर पाहिलेले नसू शकते.

आता तिच्या जागी बसून आपली बोली वाचून पाहा. ‘मेडिकलसमोर अपघात’ हे वाक्य आपल्याला लख्ख समजते, कारण आपल्या लेखी ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. बाकी महाराष्ट्रात मेडिकल म्हणजे औषधांचे दुकान, आणि अशी दुकाने प्रत्येक गल्लीत असतात. ‘मेयो’ची गत तीच, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे जुने नाव परजिल्ह्यातल्या माणसाला काहीच सांगत नाही. ‘बर्डीवर’ म्हणजे सीताबर्डीत, हेही आपल्यालाच ठाऊक. रामनगर, गांधीनगर, शिवाजीनगर या नावांच्या वस्त्या तर राज्यातल्या जवळपास प्रत्येक शहरात सापडतात. त्यामुळे मजकुराचा पहिला शब्द ‘नागपूर’ असावा आणि त्यानंतर जागेचे पूर्ण, कागदोपत्री नाव यावे. ग्रामीण भागात असाल तर तालुकाही लिहावा: हिंगणा, कामठी, काटोल, रामटेक, जो असेल तो.

मजकुरात काय लिहावे आणि कोणत्या क्रमाने?

आधी जागा, मग काय घडले, मग किती माणसे संकटात आहेत, आणि शेवटी तुम्हाला बोलता किंवा ऐकता येत नाही ही सूचना. या क्रमाला कारण आहे: मजकूर अर्धवट पोहोचला, किंवा तुम्हाला दुसरा पाठवण्याची संधीच मिळाली नाही, तरी जागा कळलेली असली की निदान गाडी निघू शकते. उलट ‘कृपया लवकर या, आम्ही फार मोठ्या अडचणीत सापडलो आहोत’ अशी सुरुवात केली, तर वाचणाऱ्याच्या हाती करण्याजोगे काहीच पडत नाही.

उदाहरणार्थ, ‘नागपूर, मानेवाडा चौक. आग. आत २ लोक. मला ऐकू येत नाही.’ एवढा मजकूर पुरेसा आहे. नमस्कार, विनंती, आभार यांची येथे गरज नसते. नागपुरात पत्ता सांगताना आपण चौकाच्या नावावर फार विसंबतो. ते ठीकच आहे, पण चौकापासून कोणत्या दिशेला, कोणत्या लेआउटमध्ये, कितव्या माळ्यावर, हे दुसऱ्या मजकुरात लगेच पाठवावे. प्लॉट क्रमांक एकामागोमाग एक लागतीलच असे आपल्या जुन्या लेआउटमध्ये नसते, तेव्हा जवळचे मंदिर, शाळा, पाण्याची टाकी किंवा पेट्रोल पंप यांपैकी एखादी न हलणारी खूण द्यावी. ‘पांढऱ्या गाडीजवळ’ ही खूण गाडी निघून गेली की संपली.

मराठीत लिहावे की इंग्रजी अक्षरांत?

देवनागरीत लिहावे, पण थोडक्यात. याचे कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. इंग्रजी अक्षरांतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीसाठी फोनला वेगळी सांकेतिक पद्धत वापरावी लागते आणि तीत एका एसएमएसमध्ये फक्त ७० जागा मिळतात. शिवाय मोबाइल आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरातला हलन्त यांची तो वेगळी जागा धरतो. ‘नागपूर’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो, फोनच्या हिशेबी तो सहा जागांचा. ‘महाराष्ट्र’ उच्चारी चार अक्षरांचा, पण जागा दहा.

मजकूर सत्तरच्या वर गेला की त्याचे तुकडे होतात, आणि तुकडे जोडण्याच्या खुणेसाठी थोडी जागा जात असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ जागाच उरतात. हे तुकडे वेगवेगळे प्रवास करतात. क्वचित एखादा मागे राहतो. वर दिलेला आगीचा मजकूर मोजला तर ५३ जागांत बसतो, म्हणजे एकाच तुकड्यात जातो.

ज्यांना देवनागरी टंकन जमत नाही त्यांनी रोमन अक्षरांत लिहायला हरकत नाही, वेळ वाचणे अधिक महत्त्वाचे. मात्र जागेचे नाव लिहिताना जपावे. दाभा ही आपल्याकडची वस्ती आणि रस्त्यावरचा ढाबा यांच्यात रोमन लिपीत केवळ एका ‘एच’ची जागा बदलते, आणि घाईत नेमका तोच ‘एच’ इकडचा तिकडे जातो.

मजकूर पाठवला, पण उत्तर आले नाही. काय समजावे?

तो पोहोचला नाही, असेच समजावे. फोनवर ‘पाठवला’ किंवा ‘पोहोचला’ अशी खूण दिसली तरी तिचा अर्थ एवढाच की मजकूर पलीकडच्या यंत्रणेपर्यंत गेला. तो माणसाने वाचला, असा तिचा अर्थ नाही. ब्रिटनमध्ये ऐकू न येणाऱ्यांसाठी ९९९ वर एसएमएसची सोय २००९ पासून आहे आणि तिथे आधी नाव नोंदवावे लागते. तेथील नियमही हाच सांगतो: आपत्कालीन सेवेकडून उलट मजकूर येईपर्यंत तुमची हाक ऐकली गेली असे मानू नका. अमेरिकेत तर जेथे मजकुराची सोय नाही तेथून तसे कळवणारा उलट संदेश आपोआप पाठवणे मोबाइल कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे अशा उलट संदेशावर विसंबून राहू नये. दोन-तीन मिनिटे वाट पाहून तोच मजकूर पुन्हा पाठवावा आणि त्याच वेळी दुसरा मार्ग चालू करावा.

मजकूर पाठवल्यावर उलट फोन आला तर?

असे होण्याची शक्यता बरीच असते, कारण खातरजमेसाठी उलट फोन करणे ही नियंत्रण कक्षाची स्वाभाविक पद्धत आहे. ऐकू न येणाऱ्या माणसाला फोनचा थरथराट जाणवतो पण उत्तर देता येत नाही, आणि लपून बसलेल्या माणसाचा ठावठिकाणा नेमका त्या घंटीने उघडा पडतो. म्हणूनच ‘मला ऐकू येत नाही’ किंवा ‘फोन करू नका, एसएमएस करा’ हे शब्द मजकुरात असायलाच हवेत.

तरीही फोन आलाच आणि तो घेणे सुरक्षित असेल, तर उचलून तसाच चालू ठेवावा. पलीकडच्याला आवाज येत राहतो, त्यातून त्याला काही अंदाज बांधता येतो. बोलता येते पण ऐकू येत नाही, असे अनेक ज्येष्ठ नागरिक असतात. त्यांनी फोन उचलून आपला पत्ता स्वतःच तीन-चार वेळा सावकाश सांगावा आणि पलीकडून काय विचारले जात आहे याची चिंता करू नये. आमच्या काकूंना हे समजावताना सर्वांत अवघड गेले ते हेच, की समोरच्याचे उत्तर न ऐकता बोलत राहणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

रेंज एकच काडी असताना फोन आणि एसएमएस यांपैकी काय आधी जाईल?

बहुधा एसएमएस. फोनवरच्या संभाषणासाठी जोडणी अखंड टिकावी लागते. एसएमएसला क्षणभराची जोडणीही पुरते, आणि ती मिळेपर्यंत अनेक फोन तो मजकूर पुन्हापुन्हा पाठवून पाहतात. एकाच वेळी हजारो लोक फोन लावत असतात तेव्हा हा फरक विशेष जाणवतो.

२०२३ च्या सप्टेंबरमधील २२ तारखेची रात्र नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी पहाटेच्या अंधारात घराघरांत शिरले आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्या पुरातून मूकबधिर विद्यालयातील विद्यार्थ्यांनाही सुरक्षित स्थळी हलवावे लागले होते. अंधारात, वीज नसताना, ना ऐकू येते ना हाक मारता येते अशा मुलांचा विचार केला, की लिखित मार्गाची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नाही.

येथे एक उलटी बाजूही लक्षात ठेवावी. फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसत असेल, तर तुमच्या कंपनीची रेंज नाही पण दुसऱ्या एखाद्या कंपनीची आहे; आपत्कालीन फोन त्या परक्या जाळ्यावरूनही जाऊ शकतो. एसएमएसला ही सवलत नाही, त्याला स्वतःच्याच कंपनीचे जाळे लागते. अशा वेळी ११२ ला फोन लावावा, बोलता येत नसले तरी लावावा.

११२ इंडिया ॲप एसएमएसपेक्षा बरे का?

इंटरनेट चालू असेल तर होय, कारण ॲप तुमचे ठिकाण स्वतःहून पाठवते आणि पत्ता टंकण्याचा वेळ वाचतो. नाव, मोबाइल क्रमांक आणि आपल्या माणसांचे क्रमांक आधीच नोंदवलेले असले की प्रसंगी एक बटण दाबणे पुरते. मात्र संकट आल्यावर ॲप उतरवून घ्यायला बसणे व्यर्थ आहे. नोंदणीसाठी ओटीपी लागतो, आणि तो यायला लागणारा वेळ तुमच्याजवळ नसतो.

पॅनिक बटण म्हणजे काय? ते माझ्या फोनमध्ये आहे का?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये ही सोय असणे बंधनकारक आहे. साध्या, कळांच्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरावी. स्मार्टफोनवर पॉवर बटण लागोपाठ तीन वेळा दाबावे, अशी मूळ योजना. प्रत्यक्षात अनेक नव्या फोनवर ते पाच वेळा दाबावे लागते, तेव्हा सेटिंगमध्ये ‘आपत्कालीन’ किंवा ‘एसओएस’ हा भाग उघडून आपल्या फोनची रीत आजच पाहून ठेवावी.

ती पाहताना आवाजाकडे लक्ष द्यावे. काही फोन बटण दाबताच मोठ्याने उलटी मोजणी सुरू करतात किंवा भोंगा वाजवतात. रस्त्यात कोणी पाठलाग करत असेल तर तो भोंगा उपयोगी आहे. कपाटाआड लपलेल्या माणसाला तोच घातक ठरतो. हा आवाज सेटिंगमधून बंद करता येतो. लपून बसल्यावर फोन केवळ सायलेंटवर न ठेवता थरथराटही बंद करावा, कारण लाकडी फळीवर किंवा फरशीवर ठेवलेल्या फोनचा थरथराट शेजारच्या खोलीत ऐकू जातो. पडद्याचा उजेडही कमी करावा.

एसएमएससाठी शिल्लक किंवा रिचार्ज लागतो का?

तसे गृहीत धरलेले बरे. वैधता संपलेल्या सिमवरून एसएमएस जाईल या भरवशावर कोणी राहू नये, आणि अनेक स्वस्त योजनांत एसएमएस समाविष्टच नसतात. घरातील ज्येष्ठांना इंटरनेट नको असते म्हणून त्यांचा रिचार्ज टाळला जातो. त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि एसएमएस एवढ्यापुरती वेगळी योजना कंपन्यांनी द्यावी, असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला आहे. ती मागून घ्यावी.

आणखी एक बाब फारशी कोणाच्या लक्षात नसते: सिम हरवले म्हणून किंवा बदलून नवे घेतले, की पहिले २४ तास त्यावरून एसएमएस जात नाहीत आणि येतही नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये ही अट घातली. त्या एका दिवसापुरती दुसऱ्या फोनची सोय जवळ असू द्यावी.

व्हॉट्सॲपवरून ११२ ला लिहिले तर?

११२ हा व्हॉट्सॲपवरचा संपर्क नव्हे. व्हॉट्सॲप उपयोगी पडते ते आपल्या माणसांना ठिकाण कळवण्यासाठी, तेही इंटरनेट असेल तरच. एसएमएसमधून छायाचित्र जात नाही. छायाचित्र जोडले तर फोन त्या मजकुराचे रूपच बदलतो आणि मग तो आपत्कालीन क्रमांकावर पोहोचणे दुरापास्त. मजकूर निव्वळ अक्षरांचा ठेवावा, त्यात इमोजीही नको.

१०८, १०१ आणि इतर क्रमांकांचे काय?

१०८ ही राज्याची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. १०१ वर अग्निशमन दल मिळते. हे क्रमांक बोलण्यासाठी आहेत. लिहूनच मदत मागायची असेल तर रुग्णवाहिका किंवा बंब हवा असला तरी ११२ कडेच मागावा. तेथून ती मागणी पुढे वळवली जाते, मात्र ‘रुग्णवाहिका हवी’ किंवा ‘आग’ असे स्पष्ट लिहावे. बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि रेल्वे प्रवासात १३९ हे क्रमांकही जवळ असावेत.

महामार्गावर किंवा जंगलालगत असताना ठिकाण कसे कळवावे?

वर्धा मार्गाने बुटीबोरीकडे जाताना किंवा जबलपूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असताना, आणि भंडारा किंवा अमरावतीच्या दिशेने महामार्ग ५३ वर असताना, रस्त्याचे नाव, तुम्ही कोणत्या दिशेने चालला होता ते, आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, एवढे तीन तपशील पुरेत. दिशा विसरू नये. दुभाजक असलेल्या रस्त्यावर, विशेषतः समृद्धी महामार्गावर, चुकीच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला वळण्यासाठी बरेच अंतर जावे लागते.

पेंचच्या किंवा उमरेडच्या बाजूला खूणच नसेल तर नकाशाच्या ॲपमधून अक्षांश-रेखांश पाठवावेत. उपग्रहावरून ठिकाण शोधायला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रेंज जेमतेम असली तरी हे आकडे फोनमध्ये दिसू शकतात. नागपूर शहरात ते २१.१ आणि ७९.० च्या आसपास असतात. तुमच्या पडद्यावर याहून भलतेच आकडे दिसत असतील तर फोनने अजून तुमची जागा पकडलेली नाही, असे समजून मोकळ्या आकाशाखाली क्षणभर थांबावे. उन्हाळ्यात मात्र ४५ अंशांच्या उन्हात उभे राहून रेंज शोधण्यापेक्षा एकाने सावलीत रुग्णाजवळ थांबावे आणि दुसऱ्याने फोन घेऊन उंचवट्यावर जावे.

आमच्या घरी ऐकू न येणारी व्यक्ती एकटी असते. आधी काय तयारी करून ठेवावी?

फोनच्या ‘मसुदा’ किंवा ‘नोंदी’ या भागात चार तयार मजकूर लिहून ठेवावेत: आग, आजारपण, चोरी-मारहाण आणि पाणी शिरणे यांसाठी एकेक, प्रत्येकात पूर्ण पत्ता आधीच घातलेला. प्रसंग आला की नक्कल करून पाठवणे एवढेच काम उरते. थरथरत्या बोटांनी ‘धरमपेठ’ टंकायला किती वेळ लागतो, हे एकदा करून पाहिले तर ही तयारी अतिरेकी वाटणार नाही.

त्याचबरोबर दोन माणसे ठरवावीत, एक शेजारची आणि एक दूरची. शेजारचा माणूस धावून येऊ शकतो, दूरचा शांतपणे ११२ ला फोन करून सगळे सांगू शकतो. मात्र तो पुण्याला किंवा बंगळुरूला असेल तर त्याने ११२ लावताच पहिल्या वाक्यात सांगावे की ‘संकट नागपुरात आहे, मी दुसऱ्या शहरातून बोलतो आहे’. परराज्यातून लावलेला ११२ त्या राज्याच्या केंद्रात जातो, तेव्हा नागपूरच्या स्थानिक पोलीस नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक त्याच्याजवळ आधीच लिहून दिलेला असावा. घराच्या दारावर, आतल्या बाजूने, ‘येथे ऐकू न येणारी व्यक्ती राहते, दिवा लावून-बंद करून खूण करा’ असा कागद चिकटवलेला असला तर मदतीला आलेल्या जवानांचे काम सोपे होते. बाहेरच्या बाजूने तो लावू नये. चोरालाही वाचता येते.

रस्त्यावरचा अपघात पाहून मजकूर पाठवला तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल का?

नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १३४अ सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

एसएमएस पाठवला म्हणजे तक्रार नोंदली गेली का?

नाही. ११२ वरची हाक ही मदतीची मागणी आहे, गुन्ह्याची नोंद हा पुढचा भाग. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते, पण ती नोंदवून घेतली जाण्यासाठी देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. घटना कोणत्याही पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. पाठवलेले आणि आलेले एसएमएस मात्र पुसू नयेत, त्यांवरची वेळ पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

मुलाच्या हातून चुकून मजकूर गेला तर?

घाबरून फोन बंद करू नये. ‘चुकून गेला, सर्व ठीक आहे’ असा मजकूर लगेच पाठवावा आणि उलट फोन आला तर तो उचलून तसे सांगावे. गप्प राहिलात तर संकट खरेच आहे असे समजून गाडी येईल. हेतुपुरस्सर खोटी माहिती देणे ही वेगळी गोष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

मोबाइलवर भोंग्यासह येणाऱ्या सरकारी इशाऱ्याला उत्तर देऊन मदत मागता येते का?

येत नाही. अतिवृष्टी किंवा विजेचे ते इशारे एका दिशेने, त्या परिसरातील सर्व फोनवर एकाच वेळी सोडलेले असतात. ऐकू न येणाऱ्यांसाठी त्यांचा थरथराट उपयोगी आहे, म्हणून ते बंद करून ठेवू नयेत.

सोय चालते की नाही, हे ११२ वर चाचणीचा एसएमएस पाठवून पाहावे का?

पाहू नये; प्रत्येक मजकुरामागे कोणाचा तरी वेळ जातो. सराव करायचा तर तयार केलेला मजकूर घरातील दुसऱ्या फोनवर पाठवावा, तो एका तुकड्यात पोहोचतो का ते पाहावे, आणि तो परगावी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला दाखवून विचारावे की एवढ्यावरून तू आमच्या घरापर्यंत पोहोचशील का. आमच्या काकूंचा पहिला मजकूर वाचून छत्रपती संभाजीनगरकडच्या भाच्याने विचारले होते, ‘मेडिकल चौक म्हणजे कोणत्या मेडिकलचा चौक?’ त्यानंतर आम्ही तो बदलला.